खोटी लढाई, खऱ्या तारखा

आज नमनाला घडाभर तेल न जाळता थेट तीन तारखा सांगतो. १० सप्टेंबर २००१. जून २००३. आणि ९ मार्च २०२२.

पहिल्या तारखेला अमेरिकेत निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात मावणाऱ्या कन्सोलवर 'ॲडव्हान्स वॉर्स' नावाचा गेम विक्रीला आला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते सांगायची गरज नाही. तिसऱ्या तारखेला याच गेमची नव्याने रंगवलेली आवृत्ती, अगदी दाराशी येऊन ठेपलेली असताना, निन्टेन्डोने बेमुदत पुढे ढकलली, कारण त्याआधी दोनच आठवडे रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं होतं. राहिली मधली तारीख. ती या गेमच्या दुसऱ्या भागाची, 'ॲडव्हान्स वॉर्स २ : ब्लॅक होल रायझिंग'ची. तेव्हाही एक मोठं युद्ध चालू होतं. तेव्हा मात्र काहीच थांबलं नाही, कुणी पुढे ढकललं नाही, गेम ठरल्याप्रमाणे दुकानात आला. आजचा लेख मुख्यतः या मधल्या तारखेबद्दल आहे.

आधी गेम माहीत नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. (माहीत असलेल्यांनी खुशाल दोन-तीन परिच्छेद उड्या मारून पुढे जावं. :-) )

हा आळीपाळीने खेळायचा युद्धाचा डाव आहे. म्हणजे बुद्धिबळासारखा. चौकोनांचा पट, एकदा तुमची चाल, एकदा समोरच्याची. फरक इतकाच की पटावर डोंगर, जंगल, नदी, रस्ते आणि गावं आहेत, आणि सोंगट्या म्हणजे पायदळ, रणगाडे, तोफा, हेलिकॉप्टरं, विमानं आणि जहाजं. बुद्धिबळाशी तुलना मी उगाच करत नाही, तिथे खरंखुरं नातं आहे. आपल्याकडच्या चतुरंगात पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ अशी सेनेची चार अंगं होती. तो खेळ इराणमार्गे युरोपात गेला. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने त्याच बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात हजाराच्या वर घरं केली आणि जमिनीच्या प्रकाराप्रमाणे घरांना रंग दिले. पुढे प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी १८१२ ते १८२४ या काळात 'क्रीगश्पील', म्हणजे सरळ 'युद्धखेळ', तयार केला. त्यात फासे होते, नुकसानीचे तक्ते होते, आणि शत्रूची हालचाल फक्त पंचाला दिसे. प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी घेतला. १९५४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने 'टॅक्टिक्स' हा असाच खेळ खोक्यात घालून घरोघरी विकायला काढला. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत सेनापतीच्या टेबलावरचा खेळ हॉलमधल्या सतरंजीवर आला. तिथून कॉम्प्युटरवर यायला मग फार वेळ लागला नाही.

जपानमध्ये १२ ऑगस्ट १९८८ ला 'फॅमिकॉम वॉर्स' आला. बनवणारी कंपनी इंटेलिजन्ट सिस्टिम्स, विकणारी निन्टेन्डो. त्याची टीव्हीवरची जाहिरात अजून लोकांच्या लक्षात आहे. अमेरिकन शिपाई कवायतीत एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून ओरडायचं अशी गाणी म्हणत पळतात ना, त्याचं ते विडंबन होतं. त्यातल्या दोन सेनांची नावं रेड स्टार आणि ब्लू मून. पुढे १९९१ मध्ये 'गेम बॉय वॉर्स' आला, मग हडसन कंपनीने त्याचे आणखी भाग काढले, १९९८ मध्ये 'सुपर फॅमिकॉम वॉर्स' आला. हे सगळं फक्त जपानात. तब्बल तेरा वर्षं ही मालिका जपानच्या बाहेर पडलीच नाही. जी पहिल्यांदा बाहेर पडली ती १० सप्टेंबर २००१ ला! बाहेर पडताना रेड स्टारचं नाव बदलून ऑरेंज स्टार केलं होतं. लाल तारा म्हटल्यावर अमेरिकन गिऱ्हाइकाला काय आठवलं असतं ते कळायला फार डोकं लागत नाही.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण त्याशिवाय हा गेम इतका घट्ट का बसला ते कळणार नाही. गेम बॉय ॲडव्हान्सचा प्रोसेसर १६.७८ मेगाहर्ट्झचा. मेमरी ३२ किलोबाइट वेगवान आणि २५६ किलोबाइट जरा सुस्त. पडदा २४० बाय १६० पिक्सेलचा, आणि पहिल्या मॉडेलला तर दिवाच नव्हता, खिडकीजवळ बसून खेळायचं. यात धावपळीचं युद्ध दाखवायचं म्हणजे कठीण काम. पण १६ बाय १६ पिक्सेलचा एक चौकोन धरला तर पडद्यावर १५ गुणिले १० असा पट बरोब्बर बसतो. लोकलमध्ये स्टेशन आलं तर कन्सोल मिटावा, कारण डाव तुमची वाट बघत थांबलेला असतो. शिवाय दोघांना खेळायला दुसरा कन्सोल लागत नाही. आपली चाल झाली की यंत्र समोरच्याच्या हातात द्यायचं. कॅरम खेळताना स्ट्रायकर पुढे सरकवतो तसं.

नियम दहा मिनिटांत समजतात. ताब्यातलं प्रत्येक गाव दर चालीला १००० देतं. पायदळाची तुकडी १००० ला, रणगाडा ७००० ला, मोठा रणगाडा १६००० ला. गाव जिंकायला २० गुण लागतात आणि पूर्ण १० ताकदीची तुकडी एका चालीत १० गुण उतरवते, म्हणजे दोन चाली. तुकडी निम्मी झाली असेल तर चार चाली. पायदळाने पायदळावर उघड्यावर हल्ला केला तर मूळ नुकसान ५५ टक्के, पण समोरचा डोंगरावर बसला असेल तर चार तारे संरक्षण, म्हणजे ४० टक्के सूट, म्हणजे ३३. वर किंचित नशिबाचा भाग. बास. एवढंच गणित.

पण या गणितात एक गंमत आहे. निम्म्या ताकदीची तुकडी निम्मंच नुकसान करते. म्हणून जो आधी मारतो त्याला दुहेरी फायदा : समोरच्याचा उलटा फटका आपोआप बोथट होतो. हे तत्त्व गेमवाल्यांनी शोधलेलं नाही. फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा इंग्रज मोटार इंजिनियर होता, त्याने १९१६ मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, दोन सैन्यं एकमेकांना कशी झिजवतात याची समीकरणं पुस्तकात मांडली. आधुनिक शस्त्रांच्या लढाईत सैन्याची शक्ती संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात धरावी, असा त्याचा प्रसिद्ध निष्कर्ष. दुप्पट माणसं म्हणजे चौपट जोर. हातातल्या खेळण्यावर पोरं जे सहज शिकतात, ते त्याने खंदकांच्या काळात कागदावर मांडलं होतं.

तर असा हा गेम. १० सप्टेंबरला अमेरिकेत तो आला तेव्हा तिथल्या समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण ११ सप्टेंबरनंतर जपानमधली ऑक्टोबरची तारीख रद्द झाली आणि युरोपातला गेम जानेवारी २००२ पर्यंत लांबला. ज्या देशावर हल्ला झाला त्या देशात गेम दुकानात होता, आणि ज्या देशाने तो बनवला त्या देशाला तो मिळाला नाही. जपानी खेळाडूंना पुढची तीन वर्षं वाट बघावी लागली.

आता दुसरा भाग. 'ब्लॅक होल रायझिंग'बद्दल तेव्हापासून एक तक्रार आहे की हा दुसरा भाग नव्हेच, पहिल्यालाच चार ठिगळं लावून पुन्हा विकला. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर आवृत्ती २.० च्या नावाखाली १.१ दिली. तक्रारीत तथ्य आहे. चित्रं तीच, पट तोच, पायदळ १००० लाच. नवीन युनिट मोजून एक, निओटँक, २२००० चा गोलसर अवाढव्य रणगाडा. नवे सेनापती मात्र बरेच आले. प्रत्येक सेनापतीची खास ताकद पूर्वी एकच होती, तिला आता 'सुपर' अशी दुसरी पायरी आली.

मला विचाराल तर ही ठिगळं फार विचारपूर्वक लावलेली आहेत. कॉलिन या नव्या सेनापतीचंच बघा. श्रीमंत बापाचं लाडावलेलं पोर. त्याची सगळी युनिट्स २० टक्के स्वस्त आणि १० टक्के कमजोर. वाचताना वाटतं, ठीक आहे, हिशेब बरोबरीत सुटला. पण खेळायला लागलात की कळतं, स्वस्त माल म्हणजे जास्त तुकड्या, आणि जास्त तुकड्या म्हणजे लँचेस्टरसाहेबांचा वर्ग! वर त्याची खास ताकद तिजोरीतले पैसे दीडपट करते. जाणकार लोक आपसात सामने लावतात तेव्हा कॉलिनला सहसा बाहेर ठेवतात. त्याच्या बरोबर उलटा कानबेई, युनिट्स मजबूत पण २० टक्के महाग, आणि तो गरीब प्रत्येक वेळी पैशाला महाग होऊन बसतो. एकाच सूत्रात दोन आकडे फिरवून दोन वेगवेगळे स्वभाव उभे करणं, हे मला नव्या दहा रणगाड्यांपेक्षा जास्त अवघड वाटतं.

गोष्ट अशी : मॅक्रो लँड नावाच्या खंडावर चार देश आहेत, आणि ब्लॅक होल नावाची काळ्या कपड्यांतली सेना चारही देशांत एकदमच घुसली आहे. ती कुठून आली, तिला काय हवंय, हे नीट कुणी सांगत नाही. तिचा मुख्य स्टर्म, शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला. त्याच्या हाताखाली चार सेनापती. त्यांनी जागोजागी राक्षसी तोफा उभारल्या आहेत आणि कारखाने काढले आहेत. या कारखान्यांतून रणगाडे एकही पैसा न मोजता बाहेर पडतात. कारखान्याला जाडजूड पाइपलाइन जोडलेली असते, ती अभेद्य, पण एखाद्या ठिकाणी तिला सांधा असतो. तो सांधा फोडला की कारखाना बंद आणि लढाई जिंकली. प्रत्येक देशातला कारखाना शोधायचा, फोडायचा आणि शेवटी चौघांनी मिळून ब्लॅक होलच्या मुलखात शिरायचं. हे सगळं रंगीत कार्टूनसारखं, उडत्या चालीच्या संगीतावर.

आता ही गोष्ट जून २००३ च्या अमेरिकेत ठेवून बघा.

२० मार्च २००३ ला अमेरिकेने इराकवर चढाई सुरू केली होती. ९ एप्रिलला बगदादमध्ये सद्दामचा पुतळा पाडला गेला. १ मे ला राष्ट्राध्यक्ष बुश विमानवाहू जहाजावर उतरले आणि मुख्य लढाई संपल्याचं त्यांनी जाहीर केलं. चढाईचं कारण होतं महाविध्वंसक अस्त्रं : इराकने ती कुठेतरी लपवून ठेवली आहेत, तिथले कारखाने शोधून नष्ट केले पाहिजेत. जूनमध्ये ती शोधाशोध जोरात चालू होती. आणि त्याच महिन्यात अमेरिकेतली शाळकरी पोरं गाडीत मागच्या सीटवर बसून शत्रूचे दडवलेले कारखाने शोधून पाइपलाइनचे सांधे फोडत होती.

याचा अर्थ गेम बनवणाऱ्यांनी इराक डोळ्यांपुढे ठेवला होता असं मी म्हणत नाही. असला गेम काही तीन महिन्यांत तयार होत नाही, आणि चेहरा नसलेला खलनायक ही लहान मुलांच्या गोष्टीतली जुनीच सोय आहे. मला वेगळीच गोष्ट नोंदवायची आहे. २००१ मध्ये आणि २०२२ मध्ये जो गेम त्या दिवसांत विकणं बरं दिसणार नाही असं वाटलं, त्याच गेमचा दुसरा भाग २००३ मध्ये कुणालाच खटकला नाही. खटकायचं सोडा, तेव्हा अमेरिकेत खरं युद्धच खेळाकडे सरकत होतं. ४ जुलै २००२ ला अमेरिकन लष्कराने तरुणांना भरतीकडे वळवण्यासाठी 'अमेरिकाज आर्मी' नावाचा व्हिडिओ गेम फुकट वाटायला सुरुवात केली. एप्रिल २००३ मध्ये लष्कराने इराकमधल्या हव्या असलेल्या माणसांचे फोटो छापून चक्क पत्त्यांचा कॅट काढला. सद्दाम हुसेन इस्पिकचा एक्का! सैनिकांनी फावल्या वेळात पत्ते पिसता पिसता चेहरे पाठ करावेत अशी कल्पना. पुढे त्या कॅटच्या नकला बाजारात विकायला आल्या आणि लोकांनी हौसेने घेतल्या. या वातावरणात गोल नाकाच्या कार्टून सेनापतींचा गेम कुणाच्या डोळ्यांवर येणार?

गेममधला कारखाना मात्र दर वेळी सापडतो. नकाशावर तो असतोच, त्याशिवाय डाव पुढे जाणार कसा? खऱ्या शोधमोहिमेचा अहवाल २००४ च्या शरद ऋतूत आला आणि त्यात साठे सापडले नसल्याचं नमूद होतं. तोवर तिथे माणसं मरायची थांबली नव्हती, पुढेही कित्येक वर्षं थांबली नाहीत.

इथे कुणीतरी म्हणेल, अरे बाबा, खेळ आहे तो, खेळासारखा घे ना. मान्य. म्हणूनच आता खेळातल्या एका बारीक गोष्टीकडे वळतो.

पायदळाची तुकडी लढते तेव्हा पडदा दुभागतो आणि दोन्हीकडे छोटे छोटे शिपाई दिसतात. गोळीबार होतो, काही शिपाई नाहीसे होतात. रक्त नाही, प्रेत नाही. तुकडीच्या कोपऱ्यात आकडा येतो, समजा ६. आता तुमच्याकडे अशा दोन जखमी तुकड्या आहेत, एक ६ ची आणि एक ७ ची. एकीला दुसरीच्या घरात नेऊन 'जॉइन' म्हटलं की त्यांची मिळून एक तुकडी होते, १० ची. मग वरचे ३? ते पैसे होऊन तिजोरीत परत जमा होतात. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा इंजिनियर म्हणून खूश झालो, काय सुबक नियम आहे, काही वाया जात नाही! जरा वेळाने डोक्यात आलं की आपण आत्ता उरलेल्या माणसांची मोड घेतली.

आणि हा गेम नीट खेळायचा म्हणजे स्वस्त पायदळाच्या भिंती उभ्या करायच्या. ७००० च्या रणगाड्यापुढे १००० चं पायदळ ठेवायचं. शत्रूने त्याला मारण्यात चाल घालवली की मागून आपली तोफ बोलते. पहिल्या चालीपासून सगळे असंच खेळतात, कारण आकडे तसं सांगतात. पहिल्या महायुद्धातल्या कुठल्याशा सेनापतीने वेगळं काय केलं होतं?

पण गंमत अशी की याच गेममध्ये याची उलटी बाजूही आहे. लढाई संपली की मार्क मिळतात, तीन विषयांत. वेग, म्हणजे किती दिवसांत जिंकलात. जोर, म्हणजे एका दिवसात शत्रूचं जास्तीत जास्त किती नुकसान केलंत. आणि तिसरा विषय तंत्र, म्हणजे आपली किती युनिट्स गमावलीत. पायदळाच्या भिंती करून जिंकलात तरी तंत्राचे मार्क जातात आणि वरची श्रेणी हुकते. म्हणजे मेलेल्यांची नोंद कुठेतरी ठेवलेली आहे. अश्रू, हुतात्मा स्मारक वगैरे काही नाही, एका रकान्यात आकडा आहे. तो बघायचा की नाही हे खेळणाऱ्यावर सोडलंय. मी अनेकदा नुसतं जिंकून पुढे जातो. बहुतेक लोक तेच करतात.

मालिकेचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. जपानला पहिला भाग अखेर मिळाला तो नोव्हेंबर २००४ मध्ये, आणि तोही दुसऱ्या भागाबरोबर एकाच कार्ट्रिजमध्ये. जपानी खेळाडूंना त्यामुळे हे दोन वेगळे गेम वाटलेच नसतील, एकाच जाड पुस्तकाचे दोन खंड. २००५ मध्ये निन्टेन्डो डीएसवर 'ड्युअल स्ट्राइक' आला, आणखी रंगीत, आणखी गोंगाटाचा. मग २००८ च्या जानेवारीत आला 'डेज ऑफ रुइन', आणि त्यात बनवणाऱ्यांनी एकदम सूर बदलला. उल्कांच्या वर्षावात जगातली ९० टक्के माणसं मेलेली, आकाश धुळीने झाकलेलं, उरलेले लोक शिळ्यापाक्या अन्नासाठी लढतायत, आणि यातले सेनापती मरतात. हसरे चेहरे गेले, भडक रंग गेले. नियम मात्र बहुतांशी तेच, फक्त जास्त काटेकोर केलेले. युद्ध उदास दाखवलं म्हणून जपानात तरी गेम वेळेवर आला का? नाही! तो तिथे दुकानात आलाच नाही. २०१३ मध्ये निन्टेन्डोच्या सभासदांना डाउनलोड म्हणून मिळाला तेवढाच. त्यानंतर मालिका जवळपास झोपली. इंटेलिजन्ट सिस्टिम्सकडे तोवर 'फायर एम्ब्लेम' ही दुसरी मालिका होती, तलवारी आणि राजपुत्रांची. तीही जपानबाहेर पहिल्यांदा २००३ मध्येच आली आणि आज धाकटी बहीण थोरलीपेक्षा कितीतरी मोठी झाली आहे. तलवारीच्या लढाईची बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात येत नाही, हा तिचा एक फायदा असावा.

जून २०२१ मध्ये निन्टेन्डोने जाहीर केलं की पहिले दोन्ही भाग नव्या रूपात स्विच कन्सोलवर येणार, नाव 'री-बूट कॅम्प'. काम अमेरिकेतल्या वेफॉरवर्ड कंपनीकडे. तारीख आधी डिसेंबर २०२१, मग काम राहिलंय म्हणून ८ एप्रिल २०२२. आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर आक्रमण झालं.

आता पहिल्या भागाची सुरुवात आठवा. बर्फाळ ब्लू मून देशाचा सेनापती ओलाफ, पांढऱ्या दाढीचा, जाड कोटातला, उघड उघड रशियन वळणाचा. तो शेजारच्या ऑरेंज स्टारमध्ये सैन्य घुसवतो, तिथून खेळ सुरू होतो. २००१ मध्ये हे रेखाटलं तेव्हा तो नाताळबाबासारखा दिसणारा विनोदी म्हातारा होता. २०२२ च्या मार्चमध्ये तोच म्हातारा, तोच बर्फ, बघवेना. ९ मार्चला निन्टेन्डोने जगातल्या ताज्या घडामोडींचं कारण देऊन गेम पुढे ढकलला, नवी तारीख न देता.

तो अखेर २१ एप्रिल २०२३ ला आला. त्या दिवशी युक्रेनमधलं युद्ध संपलं होतं का? मुळीच नाही. बाखमूतमध्ये घराघरासाठी लढाई चालू होती. फरक इतकाच पडला होता की मधे वर्ष गेलं होतं आणि बातमी पहिल्या पानावरून आत सरकली होती. गेम तोच, युद्ध तेच, आपल्याला त्याची सवय झाली होती.

म्हणून मला वाटतं की या तीन तारखांमध्ये सगळ्यात बोलकी मधलीच. २००१ आणि २०२२ मध्ये कंपनीने दाखवलेला संकोच मला खोटा वाटत नाही. कुणाच्या घरी मयत झाली असताना शेजारी आपण मोठ्याने गाणी लावत नाही, तशातली ती गोष्ट. पण २००३ मध्येही मयतं होत होती. ती बगदादला आणि बसऱ्याला होत होती, आणि जिथे हा गेम विकायचा होता तिथून ती घरं फार लांब होती. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि युद्धाच्या कथाही लांबूनच रम्य वाटतात हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत आहे. किती लांब म्हणजे पुरेसं लांब, याची मोजपट्टी मात्र कुणी लिहून ठेवलेली नाही. इथे ती आयती मिळते : एकच गेम, जवळपास तेच नियम, १००० चं तेच पायदळ, आणि कुठल्या युद्धासाठी तो थांबला व कुठल्या युद्धासाठी नाही याची नोंद.

गेमवर बंदी घाला वगैरे म्हणणाऱ्यांतला मी नाही. मी स्वतः शनिवारी रात्री एक नकाशा खेळल्याशिवाय झोपत नाही. उलट मला तर वाटतं की कादंबऱ्या आणि सिनेमे युद्धाचा जो मोठेपणा सांगतात त्यापेक्षा या गेमचा कोरडा हिशेब जास्त प्रामाणिक आहे. वरून बघणाऱ्या माणसाला तुकडी म्हणजे आकडाच दिसतो, हे तो लपवत नाही. राइसविट्झच्या टेबलाभोवती उभ्या राहणाऱ्या प्रशियन अधिकाऱ्यांनाही तेवढंच दिसत असणार.

असो. कुणाला खेळून बघायचं असेल तर 'री-बूट कॅम्प'मध्ये दोन्ही भाग आहेत, दुसरा भाग जास्त अवघड आहे म्हणून पहिल्यापासून सुरुवात करा. आणि एक प्रयोग सुचवतो. एखादा नकाशा नेहमीसारखा जिंका. मग तोच नकाशा पुन्हा लावा, पण या खेपेला एकही तुकडी न गमावता. दिवस दुप्पट लागतील, वेगाचे मार्क जातील, दहा वेळा माघार घ्यावी लागेल, आणि ज्या पायदळाकडे आधी ढुंकूनही बघितलं नव्हतं त्याला कुठल्या झाडाआड ठेवू याचा अर्धा तास विचार कराल. किती चाली लागल्या ते मला जरूर कळवा. माझा आत्तापर्यंतचा आकडा सांगण्यासारखा नाही. :-)